पैसे तुमचे, लॅपटॉप त्यांचा

नवा लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुकानात तक्रार घेऊन जा. ठरलेलं उत्तर मिळतं, ‘तुम्ही त्यात काय काय टाकलंय ते बघा.’ हे उत्तर धादांत खोटं आहे. टाकलंय ते कंपनीने, खोक्याचं सील फुटायच्या आधी.

भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांनी हप्त्यांवर लॅपटॉप घेतला. तिने अजून एक फाईलही बनवली नव्हती. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. ४ जीबी रॅममधली निम्म्याहून अधिक आधीच खर्ची पडलेली, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. स्टार्टअपच्या यादीत चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस, कंपनीचा मदतनीस, कंपनीचाच अपडेटर, कुणी न मागितलेली चॅट आणि गाण्यांची ॲप्स. तेवढ्यात कोपऱ्यात खिडकी उगवली : संरक्षण संपत आलंय, पैसे भरा. पोरगी घाबरली, तिला वाटलं व्हायरस शिरला. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला भीती घालून पैसे उकळायचा हा धंदा आहे आणि त्याला दुसरं नाव नाही.

हा कचरा चुकून येत नाही. तो आत भरण्याबद्दल सॉफ्टवेअरवाले लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे मोजतात. म्हणजे गिऱ्हाइकाकडून एकदा किंमत घ्यायची आणि त्याचाच पडदा दुसऱ्याला भाड्याने द्यायचा. ही हाव कुठवर जाते ते २०१५ साली जगाने पाहिलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं निघालं. ते स्वतःचं प्रमाणपत्र बसवून सुरक्षित संकेतस्थळांच्या वाहतुकीतही शिरत होतं, आणि त्यामुळे बँकेचे व्यवहारसुद्धा उघड्यावर पडण्याचा धोका होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये कंपनीला तडजोड करायला लावली. आपल्याकडे साध्या गिऱ्हाइकाची बाजू घेऊन कोण उभं राहतं?

मायक्रोसॉफ्टही यातून सुटत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, असं तीच कंपनी सांगते. एवढ्या रॅमवर विंडोज सुरू होतं, काम होत नाही. त्या ‘किमान’च्या आडोशाने स्वस्त माल खपवला जातो. त्यातही कित्येकदा रॅम मदरबोर्डलाच झाळलेली, पुढे वाढवायची सोय नाही.

मग गल्लीतला ‘फॉरमॅट मारून देतो’वाला येतो. तो एकतर कंपनीच्या रिकव्हरीतून विंडोज परत चढवतो, म्हणजे सगळा कचरा परत हजर. नाहीतर चोरीचं विंडोज टाकून तुम्ही पैसे मोजलेला अधिकृत परवाना वाया घालवतो. वेग वाढवणारी ‘बूस्टर’ सॉफ्टवेअर तर सरळ लुबाडणूक. हळू यंत्रावर आणखी एक ओझं, तेही पैसे देऊन!

खरा उपाय बहुतांशी फुकट आहे. आधी आपल्या फाईली पेन ड्राइव्हवर काढा. चाचणीचा अँटीव्हायरस हटवा, विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. स्टार्टअपमधलं नको ते बंद करा. एवढ्याने भागलं नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून कोरं विंडोज ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवा आणि डिस्क पुसून तेच बसवा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची किल्ली बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असते. आवृत्ती तीच असेल तर पुन्हा पैसे लागत नाहीत. फिरती हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी लावा. भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही हे दोन्ही केलं, आणि तो आता नीट चालतो. पण एसएसडीचे पैसे आमच्या खिशातून गेले, कंपनीच्या नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गप्प उभे राहू नका. ८ जीबी रॅम, एसएसडी आणि रॅम वाढवायची जागा आहे की नाही, हे बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर पडा.