जिऱ्याची नोंद ठेवा

तंजावरात जिरे पिकत नाही. या नाजूक रोपाला रब्बीतली कोरडी, थंड हवा लागते. आभाळ भरून आले, दमटपणा वाढला की करपा पडतो आणि फुलोऱ्यावरचे पीक हातचे जाते. म्हणून जिऱ्याचा मुलूख गुजरात-राजस्थानचा. कावेरीच्या भातखाचरांत ते रुजत नाही. तरी तिथल्या घरोघरी रसममध्ये मिरी-जिरे असतेच, आणि वैद्याच्या पुड्यांतही. तमिळ परंपरेच्या सिद्ध वैद्यकातल्या पंचदीपाग्नी चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, वेलची यांच्या जोडीला जिरे आहे. आपल्या हिंगाष्टक चूर्णात तर पांढरे आणि काळे, दोन्ही जिरे पडते. दोन्ही चूर्णांचा रोख एकच: मंदावलेला अग्नी, पोटातला वायू, अपचन.

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र जिऱ्याचे पाणी वजन उतरवते, मधुमेह घालवते, रक्त शुद्ध करते. हे परंपरेच्या नावाने चालते याचे मला मनापासून वाईट वाटते. तंजावरच्या मराठी राज्याने याच्या अगदी उलट शिस्त घालून दिली होती. सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली नांदत होते. नेत्ररुग्णांची तक्रार, उपचार, गुण आला की नाही, हे सारे लिहून ठेवले जाई; सोबत आजारी डोळ्याचे रंगीत चित्र. ही हस्तलिखिते आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. अनुभवाला उतरलेले उपचार ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात गुंफले गेले. मराठी राजा, तमिळ पद्य! परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो या चिकाटीचा बाळगावा.

आजीचे औषध म्हणजे अडाणीपणा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. जड जेवणानंतर भाजलेल्या जिऱ्याची पूड ताकात घालणे, बाळंतिणीच्या आहारात जिरे वाढवणे, यामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे. पण ते तोंडी राहिले. जिरे भाजायचे की कच्चे, किती, किती दिवस, कोणाला द्यायचे नाही, हे सांगणारी माणसे परदेशातल्या आपल्या घरांतून एकेक करून जात आहेत.

म्हणून मंडळाने पुढच्या अंकासाठी किस्से मागवू नयेत, नोंदी मागवाव्यात: कोणाची तक्रार, कोणते प्रमाण, काय झाले. गुण आला नाही, तर तेही लिहावे. आपल्यात डॉक्टर आणि फार्मासिस्ट आहेत. छापण्याआधी त्यांनी प्रत्येक नोंद वाचावी, आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी आपला शेरा सहीनिशी खाली द्यावा.