शास्त्रज्ञाच्या नावापुढील आकडे

गेल्या महिन्यात कोल्हारच्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाचे स्नायू दिवसेंदिवस क्षीण होत आहेत. दूरच्या शहरातील एका केंद्राने ‘मूळ पेशी’ उपचारासाठी काही लाखांचा खर्च सांगितला होता आणि प्रवराकाठचे एक एकर विकण्याची बोलणी चालली होती. आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर केंद्रातील शास्त्रज्ञांची महती होती : शोधनिबंध १८०, सायटेशन ४२००, एच-इंडेक्स ३४.

“डॉक्टरसाहेब, एवढा मोठा माणूस चुकीचं कसं सांगेल?”

सायटेशन म्हणजे उद्धरण. एखाद्या संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा हवाला दिला की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक उद्धरण जमा होते. एच-इंडेक्स हा होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. तो ३४ असणे म्हणजे किमान ३४ निबंधांना प्रत्येकी किमान ३४ उद्धरणे लाभणे. वर्षानुवर्षांच्या परिश्रमावाचून हे सहसा घडत नाही, त्याचा मान राखावा. मात्र हवाला कौतुकाने दिला की खंडनासाठी, हे मोजणीत कळत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. तोही शेकडो वेळा उद्धृत झालेला आहे!

आणखी एक गोष्ट. ज्या विषयात संशोधक पुष्कळ, तेथे उद्धरणेही पुष्कळ. विंचूदंशासारखा शेतकऱ्या-मजुरांचा विषय घेणाऱ्याच्या वाट्याला ती थोडीच येणार. येथे मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण घामाने निथळत, त्यांचे हातपाय गार पडत, आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून कित्येक दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. विषामुळे आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध योजले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यावरचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुभवात मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. माझ्या वैद्यकीच्या आरंभीच्या वर्षांत ऊसतोडीच्या कोप्यांवरून रात्री-अपरात्री आणलेल्या मुलांना मी हेच औषध दिले आहे. एच-इंडेक्स हा शब्द तेव्हा कोणी ऐकलाही नव्हता.

पुढे आपल्याच उपचाराची त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, हे मला अधिक मोलाचे वाटते. ७० रुग्णांच्या दोन तुकड्या करून एकीला केवळ प्राझोसिन, दुसरीला प्राझोसिनसह विंचूविषावरील प्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे होणारे पहिल्या तुकडीत ३५ पैकी ८, तर दुसरीत ३२. एकट्या प्राझोसिनपेक्षा जोडीचा उपचार सरस ठरला, आणि ते त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतःच मांडले.

आजोबांच्या कागदामागे निबंधांची यादी जोडलेली होती. ती मी सावकाश वाचली. बहुतेक काम उंदरांवर आणि काचनळीतील पेशींवर झालेले. प्रामाणिकही असेल, परंतु या आजाराच्या मुलांवर उपचार करून पाहिल्याचा एकही निबंध त्यात नव्हता. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूळ पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मग आजोबांना मी दोनच प्रश्न लिहून दिले : ही चाचणी असेल तर भारतीय चाचणी-नोंदणीतील तिचा क्रमांक कोणता? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

आठवड्याने ते पुन्हा आले. क्रमांक मिळाला नव्हता. आगाऊ रक्कम भरल्यास सवलत मिळेल, एवढे मात्र कळले होते. जमिनीची बोलणी त्यांनी थांबवली आहेत. नातवाला मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे पाठवले असून जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा आहे. घोट्याचे स्नायू आखडू नयेत म्हणून आजोबा रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायांना ताण देतात. ते कसे करायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून ते स्वतः शिकून आले.