शाळा सोडल्याचे कारण

मागच्या जूनमध्ये एका वर्गमित्राला शाळेच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती, म्हणून त्याच्याबरोबर आमच्या जुन्या शाळेत गेलो. मुंबईच्या पूर्व उपनगरात, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या बाजूला असलेली अनुदानित मराठी माध्यमाची शाळा. लेखनिक बाईंनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढले, दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवले. एका ओळीत एक मूल. नाव, जन्मस्थळ, अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक आणि सगळ्यात शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’. जन्मस्थळाच्या रकान्यात देवरुख, पाटण, जुन्नर, सावंतवाडी. कारणाच्या रकान्यात पानभर एकच नोंद : एस.एस.सी. उत्तीर्ण. मग बाईंनी अलीकडचे रजिस्टर दाखवले. तिथे सातवीत, सहावीत, कधी पाचवीतच मूल गेलेले, आणि कारण ‘पालकांची इच्छा’. आमच्या वेळी आठवीच्या अ ते इ अशा पाच तुकड्या होत्या. आज एकच आहे आणि तिच्या पटावर २३ मुले आहेत.

उपनगरातल्या या शाळा कशा उभ्या राहिल्या हे आठवले, तर आपण काय गमावतो आहोत ते कळेल. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई उत्तरेकडे सरकू लागली. माणसे राहायला गेली आणि त्यांना पहिली गरज जाणवली ती शाळेची. दादरच्या हिंदू कॉलनीत इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज शाळा उभी राहिली, आजचे राजा शिवाजी विद्यालय. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले आणि पुढच्याच वर्षी पार्ल्यात त्यांच्या नावाचे विद्यालय निघाले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ आला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली, ती अशा जाग्या वस्तीत. पु. ल. देशपांडे याच पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी. शाळेने पार्ले घडवले की पार्ल्याने शाळा, हे वेगळे करून सांगता येत नाही.

शाळेची इमारत शाळा सुटल्यावरही गावाच्या उपयोगी पडे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकाला घर दिले. आमच्या साध्या शाळेत तसे काही घडले नाही. पण संध्याकाळी त्याच बाकांवर रात्रशाळा भरायची, कारखान्यातून सुटलेली पोरे डबा घेऊनच वर्गात यायची. मतदान तिथेच, मे महिन्यातले शिबिर तिथेच. दिवसा एका बाकावर फोरमनचा मुलगा, बँकेतल्या कारकुनाचा मुलगा आणि बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींचा मुलगा बसत. डबा एकत्र खाल्ला जाई. आज त्याच रस्त्यावर ही तीन मुले तीन वेगळ्या बोर्डांच्या शाळांत जातात आणि मोठी होईपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. मला सर्वात जास्त भीती वाटते ती याची.

शाळा बंद करण्याचा आदेश कुणी एके दिवशी काढत नाही. आधी पाचवीची एक तुकडी तुटते. तुकडी तुटली की संचमान्यतेत शिक्षकाचे पद कमी होते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. मग मराठीच्या बाई भूगोल शिकवतात, चित्रकलेचा तास ‘ऑफ’ जातो, प्रयोगशाळेला कुलूप लागते. पालकांना हे सगळे दिसते. पुढच्या जूनमध्ये आणखी दहा मुले जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर सहावीपासून पुढच्या वर्गांत २० पेक्षा कमी पट असेल तिथे शिक्षकच मंजूर न करण्याचे निकष आणले. शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. ज्या शाळेला आधाराची सर्वाधिक गरज, तिचाच आधार काढून घ्यायचा, हे कोणत्या हिशेबात बसते? शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी शिक्षक असावेत असे म्हणतो. तो कायदा पट मोजून लागू होत नाही.

सरकारला दोष देऊन आपण मात्र सुटत नाही. इंग्रजी यावी ही पालकांची इच्छा रास्त आहे आणि नवीही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० मध्ये पुण्यात काढलेल्या शाळेचे नावच न्यू इंग्लिश स्कूल होते. त्या पिढीला मराठीचा अभिमान होता आणि इंग्रजी पक्की करून घेण्याचा आग्रहही. पुढे अनेक संस्थाचालकांनी हा आग्रह सोडला. त्याच आवारात वरच्या मजल्यावर स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा काढली, नवे बाक तिकडे, नवा रंग तिकडे, आणि मराठी विभागाला उरली गळकी बाजू. मुलांनी कुठे जावे हे संस्थेनेच असे सुचवले. आम्ही माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनाला जमतो, सरांच्या पाया पडतो, शाल-श्रीफळ देतो, डोळे भरून येतात. माझीही मुले त्या शाळेत गेली नाहीत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, ३ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या गटावर दिवसभर अभिनंदनाचे संदेश येत होते. त्या वर्षी पाचवीत किती मुले आली, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा होत नाही. शाळेची जागा. उपनगरात मैदानासह उरलेला मोकळा भूखंड म्हणजे बहुधा शाळाच. पट शून्यावर आला की इमारत धोकादायक ठरणे आणि पुनर्विकासाचा प्रस्ताव येणे यांत फार दिवस जात नाहीत. मैदान एकदा गेले की परत येत नाही. आणि ती रजिस्टरे? २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जुन्या शाळांची दप्तरे उघडली गेली. एखाद्याच्या आजोबांच्या नावापुढची एक ओळ हाच त्याचा पुरावा होता. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांची दुसरी लेखी खूण अनेकदा कुठेच नसते. शाळा मिटली की ते दप्तर कुणाच्या ताब्यात, कोणत्या ओल आलेल्या खोलीत पडणार?

अजून वेळ गेलेली नाही. पार्ले टिळकसारख्या शाळा आजही भरतात, कारण तिथली वस्ती त्यांच्यामागे उभी राहिली. आठवीत तेवीसच मुले उरलेल्या शाळेलाही उभे करता येते. पण दहावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण घसरण सुरू होते ती पाचवीत, आणि त्याही आधी बालवाडीत. येत्या जूनमध्ये आपल्या भागातल्या मराठी शाळेत एकदा जा. मुख्याध्यापकांना भेटा. पाचवीचा पट किती, गणिताला आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का, रजिस्टरे कुठे ठेवली आहेत, एवढेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकून घरी जाऊ नका, त्यातले एक काम अंगावर घ्या.