रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

गेल्या शनिवारी आईचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. "अरे, थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला! पंधरा दिवस झाले, गोळी बंद केलीये मी. काही त्रास नाही बघ."

मी कपाळावर हात मारला. आमच्या धंद्यात असा एक प्राणी प्रत्येक टीममधे सापडतो. सहा महिन्यांत सर्व्हर एकदाही पडला नाही, मग ही रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट कशाला हवी, असं म्हणून ती बंद करणारा. अरे बाबा, सर्व्हर पडला नाही तो त्या स्क्रिप्टमुळेच!

पण आईला हसायचा मला हक्क नाही. का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई दुपारी खुर्चीतच पेंगायला लागली होती. वजन वाढलं होतं. भर एप्रिलमधे "पंखा बंद कर रे" म्हणायची. आणि मी, वीकांताला घरी येणारा शहाणा मुलगा, तिला सल्ले द्यायचो. "नुसती बसून असतेस, जरा फिरायला जात जा." एवढ्यावर थांबलो नाही, चालायचे बूटही आणून दिले. ती म्हणाली, "खरंय रे, आळसच भरलाय अंगात." तिलाही ते पटलं होतं, हे आज जास्त लागतं.

मग दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त तपासलं आणि टीएसएच भलताच वाढलेला निघाला. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे थायरॉइड जास्त काम करतेय का?" ते म्हणाले, "बरोब्बर उलट."

शाळेत 'अवटू ग्रंथी' हा शब्द दोन मार्कांसाठी पाठ केला होता. तिचं काम मला त्या दिवशी कळलं. गळ्यातली ही फुलपाखरासारखी ग्रंथी टी-४ आणि थोडा टी-३ असे हार्मोन बनवते. शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची ते हे हार्मोन ठरवतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी असते. रक्तात हे हार्मोन कमी पडले की ती टीएसएच सोडते, म्हणजे थायरॉइडला हाक मारते. पुरेसे झाले की हाक मंदावते. पिट्यूटरीच्या वर हायपोथॅलॅमस, तिचाही साहेब! थायरॉइडच थकलेली असेल तर पिट्यूटरी ओरडतच राहते. आईच्या रिपोर्टमधला तो मोठा आकडा म्हणजे ते ओरडणं होतं.

आता गोळीकडे येऊ. गोळीत असतो तोच टी-४, बाहेरून दिलेला. तो मिळाला म्हणून पिट्यूटरी शांत झाली, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. ग्रंथी बरी झाली असा त्याचा अर्थ नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. टी-४ रक्तात निम्मा व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही आणि माणूस फसतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात ते याचसाठी. ही यंत्रणा सावकाश उत्तर देते.

काही बाबतीत ही फसगत जिवावर बेतते. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की पिट्यूटरी अॅड्रिनलला हाक मारणंच सोडते आणि अॅड्रिनल सुस्तावते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं नसतं. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

माझं म्हणणं एवढंच. झोप, भूक, थंडी वाजणं, उत्साह या गोष्टी आपण सरसकट 'स्वभावा'च्या खात्यात टाकतो. यातलं बरंच काही मिलिग्रॅमपेक्षाही कमी रसायनावर चालतं. तिथे बिघाड झालेल्या माणसाला "मनावर घे जरा" म्हणणं म्हणजे पेट्रोल संपलेल्या स्कूटरला किक मारत बसणं.

कोणी म्हणेल, मग उद्या प्रत्येक आळशी थायरॉइडचं निमित्त सांगेल. सांगू दे की! एका रक्ततपासणीत खरं-खोटं कळतं. तपासणी नॉर्मल आली तर अॅनिमिया आहे का, झोप होते का, मन खचलंय का, ते बघा. प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो, हेही तितकंच खरं.

असो. डॉक्टरांशी बोलून आईची गोळी पुन्हा सुरू झाली. पहाटे उपाशीपोटी गोळी आणि त्यानंतर अर्धा तास चहा नाही. तिची मुख्य तक्रार त्या चहाबद्दलच आहे. बूट मात्र ती आता वापरते, गोळी सुरू झाल्यावर आपणहून काढले होते तिने.

तुमच्या घरीही कोणी असं खुर्चीत पेंगत असेल, तर बूट नंतर आणा. आधी रक्त तपासा.