पृच्छना : वाचनाचे दुसरे पाऊल

चौथीतील मूल धडा न अडखळता मोठ्याने वाचते. उच्चार स्पष्ट असतात, विरामचिन्हांचे भानही असते. घरातील मंडळी समाधान पावतात. पण पुस्तक मिटून ‘काय वाचलेस?’ असे विचारले, की ते गप्प होते किंवा पहिले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवते. अशा मुलाला वाचता येते असे म्हणावे का?

हा प्रश्न केवळ भाषा विषयाच्या गुणांचा नाही. पहिल्या दोन-तीन इयत्तांत वाचन हा स्वतंत्र विषय असतो. पुढे तेच इतर सर्व विषयांचे साधन होते. अर्थ न लावणारे मूल गणितातील शाब्दिक उदाहरणात दिसतील त्या दोन संख्यांची बेरीज करून मोकळे होते. त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्याला उदाहरणच उमगलेले नसते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाच्या आकलनाचे एक साधे सूत्र मांडले. शब्द ओळखून वाचण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे. त्यातील एक अंग शून्य असेल, तर दुसरे कितीही मोठे असले तरी उत्तर शून्यच येते. आपल्याकडे पहिल्या अंगाची काळजी बरीच घेतली जाते. दुसरे आपोआप वाढेल असे गृहीत धरले जाते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या पूर्ण नावातच ‘समजून वाचणे’ हे शब्द अंतर्भूत आहेत, ते उगाच नव्हे.

मग आकलन शिकवायचे कसे? बहुतेकांचे उत्तर असते : प्रश्न विचारून. पण प्रश्न विचारणे ही परीक्षा झाली, शिकवणे नव्हे. अमेरिकेतील डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकात प्राथमिक वर्गांतील वाचनाच्या तासांचे निरीक्षण केले. आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्काही भरला नाही. बाकीचा बराच वेळ प्रश्न विचारून उत्तरे तपासण्यात गेला होता. आपल्या घरांतील अभ्यासाच्या वेळेचा हिशेब मांडला, तर तो फार वेगळा निघेल असे वाटत नाही.

एक साधे वाक्य घ्यावे : ‘आजीने आकाशाकडे पाहिले आणि गच्चीवरचे पापड लगबगीने आत आणले.’ ‘आजीने काय आत आणले?’ या प्रश्नाचे उत्तर वाक्यात आयते आहे. अर्थ न समजताही ते उचलून लिहिता येते. ‘लगबगीने का आणले?’ याचे उत्तर मात्र वाक्यात कुठेच नाही. ढग दाटले असतील, पाऊस आला तर पापड भिजतील, हे मुलाला ओळींच्या मधून काढावे लागते. ज्या मुलाने उन्हात वाळणारे पापड कधी पाहिलेच नाहीत, त्याला हे अधिक अवघड जाते. म्हणून मुलाला घरकामात, बाजारात, शेतावर सोबत नेणे आणि तेथे त्याच्याशी बोलणे, हीसुद्धा वाचनाचीच तयारी होय.

आपल्या परंपरेत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्रात वाचनेच्या लगेच पुढे पृच्छना येते आणि त्यानंतर अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेल्याचे चिंतन. पाठांतर, अर्थात आम्नाय, आणि धर्मोपदेश हे त्यापुढचे. स्वाध्यायाचा हेतू आत्मकल्याणाचा आहे, शालेय गुणांचा नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पृच्छना म्हणजे गुरूने शिष्याची घेतलेली परीक्षा नव्हे. शंका शिष्याने विचारायची असते. पाठशाळेत लहान मुले भक्तामर स्तोत्राचे श्लोक मुखोद्गत म्हणतात, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असे विचारणाऱ्या मुलाचेही तितकेच कौतुक व्हावे.

आधुनिक शिक्षणशास्त्रही याच दिशेला आले आहे. अ‍ॅनेमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. शब्द नीट वाचणाऱ्या, पण अर्थ न लागणाऱ्या मुलांना त्यांनी चार सवयी लावल्या : पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, स्वतः प्रश्न तयार करणे, न कळलेले स्पष्ट करून घेणे आणि थोडक्यात सार सांगणे. प्रथम शिक्षक हे स्वतः करून दाखवतात. मग मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात. मुलांच्या आकलनात चांगली सुधारणा दिसली आणि पुढे ही पद्धत प्राथमिक वर्गांतही वापरली जाऊ लागली.

घरी यासाठी शिकवणीची गरज नाही. आजी-आजोबांनी रोज पंधरा मिनिटे द्यावीत. एक परिच्छेद आधी आपण वाचावा आणि मनात येणारे विचार मोठ्याने बोलून दाखवावेत : ‘हा शब्द मला नवा आहे, मागचे वाक्य पुन्हा पाहू.’ दुसरा परिच्छेद मुलाने वाचावा आणि आजोबांना एक प्रश्न विचारावा. उत्तर आयते सापडत असेल, तर ‘आता थोडा अवघड विचार’ म्हणावे. शेवटी दोन वाक्यांत सार सांगून घ्यावे. मूल इंग्रजी माध्यमाचे असेल, तर इंग्रजी धड्यावर मराठीत बोलायला हरकत नाही. अर्थ लावण्याची सवय एका भाषेतून दुसरीत जाते.

हीच मुले उद्या करारपत्रावर, विमापत्रावर, कर्जाच्या कागदावर सही करतील. सही करण्यापूर्वी ‘याचा अर्थ काय?’ असे विचारण्याचा संकोच त्यांना वाटू नये, यासाठी तो प्रश्न त्यांनी आठव्या-नवव्या वर्षी घरात मोकळेपणाने विचारलेला असावा.