चलनाचा अभ्यास की जाहिरात?

क्रिप्टोकरन्सी व ब्लॉकचेनचे अभ्यासक्रम विद्यापीठे आखू लागली आहेत. आमचा त्यास विरोध नाही. पण तेथे झटपट श्रीमंतीची शिकवणी चालता कामा नये.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलनाच्या निर्मितीला निश्चित मर्यादा हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण चलन बेसुमार वाढले की महागाई वाढते आणि मजुराची मजुरी न कापताही कापली जाते. बिटकॉइनलाही २ कोटी १० लाखांची मर्यादा आहे. मग ते या कसोटीस उतरते काय? आमच्या मते नाही. मर्यादा हे साधन होते. साध्य होते किमतींचे स्थैर्य. बिटकॉइनच्या भावाला तेच ठाऊक नाही.

बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. परंतु कर लागला म्हणून ते कायदेशीर चलन होत नाही. हा फरक न कळणाराच दलालाच्या जाळ्यात सापडतो.

म्हणून संगणकशास्त्रासोबत कायदा व चलनाचे अर्थशास्त्र शिकवा, आणि मराठीतूनही शिकवा. आपल्या वस्तीतील पहिल्या पिढीच्या पदवीधराने नाणे विकत घेण्याआधी प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.