फॅट मोजता, कास का नाही?

दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजले जाते. फॅट किंचित घसरले की उत्पादकाचा दर कापला जातो. त्याच दुधात गाईच्या कासेचे भवितव्यही लिहिलेले असते; परंतु ते वाचण्याची निकड खरेदीदाराला क्वचितच भासते.

विण्याच्या आगेमागे संकरित गाईची प्रतिकारशक्ती खालावते. व्याल्यावर खाल्लेल्या चाऱ्यातून मिळते त्याहून अधिक ऊर्जा दुधावाटे जाते. दगडी नेमकी तेव्हाच गाठते. पण हा दैवाचा घाला नव्हे. वेत कितवे, मागील वेतात कासदाह झाला होता काय, आटवताना दुधातील पेशी मिलिलिटरला २ लाखांवर होत्या काय, गोठा ओला आहे काय, एवढ्यावरून धोक्यातील गाय बऱ्याच अंशी आधीच हेरता येते. १९५७ पासूनची कॅलिफोर्निया चाचणी तर चार वाट्यांची थाळी आणि थोडे द्रावण यांवर गोठ्यातच होते.

प्रश्न ज्ञानाचा नाही, ते कोणाच्या सेवेत आहे याचा आहे. बड्या फार्मांवर दूध काढणारे यंत्रच इशारा देते. दोन गाईंच्या अल्पभूधारकाला दगडी कळते ती सड सुजल्यावर. औषधाच्या दिवसांतले दूध ओतून द्यायचे, तेही त्यानेच.

गाय आटवताना आणि व्याल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ही चाचणी दूध संघांनी विनामूल्य केली पाहिजे. दर कापायला विज्ञान आणि गाय वाचवायला नशीब, ही वाटणी कोणी ठरवली? येत्या वार्षिक सभेत साथींनी हा जाब विचारावा.